चेरी गांवचे बारा जण

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं आपण वाडवडिलांचे उपकार स्मरतों. म्हणून आज दूरदेशच्या एका खेड्याची हकीकत आपणांपुढें ठेवितों. अमेरिकेच्या इलिनॉय प्रांतांत, मक्याच्या शेतांमध्यें, चेरी नांवाचें गांव आहे. आज तेथें पांचशें माणसेंही राहत नाहींत. रेल्वेच्या इंजिनांना कोळसा पुरविण्याकरितां १९०५ सालीं तेथें खाण उघडली. इटली, लिथुएनिया आदि देशांतून पोटासाठीं आलेले लोक तिच्या आधारानें नांदूं लागले. त्यांत पुष्कळ जण कॅथॉलिक होते.

१३ नोव्हेंबर १९०९ रोजीं खाणींत पांचशेंच्या सुमारास माणसें होतीं; कांहीं तर कोवळीं मुलें. विजेचे दिवे बिघडले असतांही घासलेटाच्या मशालींवर काम चालूच होतें. खेंचरांसाठीं आणलेल्या गवतावर जळतें तेल ठिबकलें. प्रथम तें कोणास विशेष वाटलें नाहीं. पण पाहतां पाहतां आग लांकडी टेंकूंना लागली.

तेव्हां बारा जण पिंजऱ्यांत बसून खालीं उतरले. कांहीं खाणींतलेच होते. पण एक किराणा दुकानदार, एक कापडविक्या व एक तबेल्याचा मालकही त्यांत होता. खाणीशीं या तिघांचें देणेंघेणें नव्हतें. अडकलेले लोक मात्र त्यांचे शेजारी होते. पुनःपुन्हां उतरून त्यांनीं अनेकांस वर आणिलें. शेवटच्या खेपेस वरील यंत्रचालकास खुणांचा उलगडा होईना. पिंजरा उशिरां वर ओढला गेला, आणि बाराही जण प्राणांस मुकले.

आग कोंडण्याकरितां खाणीचें तोंड बंद करण्यांत आलें. आंत विषारी वायु अडविण्यास भिंत रचून बसलेले २१ जण आठवड्यानंतर सांपडले. एकंदर २५९ जीव गेले.

घरोघरीं विधवा व पोरकीं मुलें उरलीं. त्यांच्या दुःखानें सरकारचे डोळे उघडले. १९१० सालीं खाणींतील आगीविरुद्ध कडक नियम झाले, व १९११ सालीं जखमी व मृत कामगारांसाठीं नुकसानभरपाईचा कायदा झाला. जें पूर्वीं दयेनें मागावें लागे, तें हक्कानें मिळूं लागलें.

बंधुभगिनींनो, ती खाण केव्हांच बंद पडली. पण गांव आपल्या मृतांस विसरलें नाहीं. आपणही दोन गोष्टी स्मराव्या. दिवा बिघडला असतां काम थांबवावें. कारण माणसाहून कोळसा मोलाचा नाहीं. आणि शेजारी संकटांत असतां "माझा काय संबंध?" असें विचारूं नये. त्या किराणा दुकानदारानें तें विचारलें नाहीं.