ढोरांची जाण असलेल्या मुलामुलींसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की अकोट तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत एकच विषय असतो, पोरांनी पुढं काय शिकायचं? आज मी अशा शिक्षणाबद्दल बोलणार आहे, ज्याची अर्धी तयारी गोठा असलेल्या घरात आधीच झालेली असते: पशुधन पर्यवेक्षकाचं शिक्षण.

ढोरांच्या दवाखान्यातल्या प्रत्येकाला आपण डॉक्टर म्हणतो. पण पदवीधर पशुवैद्य वेगळा आणि पशुसंवर्धनाची पदविका घेतलेला पर्यवेक्षक वेगळा. पशुवैद्याची पदवी साडेपाच वर्षांची. पर्यवेक्षक लसीकरण, मलमपट्टी, प्रथमोपचार, कृत्रिम रेतन अशी कामं पशुवैद्याच्या देखरेखीखाली करतो. गोठ्यापर्यंत बहुधा तोच आधी पोचतो.

गाईनं कुटाराला तोंड लावलं नाही, रवंथ थांबलं, हे घरच्या माणसाला सगळ्यांआधी दिसतं. शिक्षण त्या नजरेला माप देतं. गाईचं तापमान साधारण 101.5 अंश फॅरनहाइट असतं. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली, की निरोगी गाईच्या पोटाची हालचाल दोन मिनिटांत दोन-तीनदा हाताला लागते. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी रेतन करायचं, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतमात्रा उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. ती 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, मगच वापरायची. यातलं काहीही अंदाजानं चालत नाही.

लसीचंही तसंच. ती 2 ते 8 अंशांतच टिकते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात अकोटहून सातपुड्याच्या पायथ्याच्या पोपटखेडपर्यंत ती थंड पोचवणं हा टोचण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. 2022 साली लम्पी आला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना द्यावी लागली. गोठ्यागोठ्यात जाऊन, निरोगी जनावरं गाठून, प्रत्येकासाठी वेगळी सुई वापरून हे काम करावं लागलं. अशा वेळी शिकलेले हात किती लागतात, ते त्या पावसाळ्यात आपण पाहिलं.

या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा धडा मात्र आपली हद्द ओळखण्याचा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 सालचा. त्याच्या कलम 30 नं पदविकाधारकाला किरकोळ सेवेची मुभा दिली आहे, तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या मार्गदर्शनाखाली. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन ढोराला किराळ लागली, तर जीव वाचवायला थोडाच वेळ असतो. वासरू आडवं आलं, गाय अडली, तरी तसंच. तिथं धाडस कामाचं नाही. लक्षणं नेमकी सांगून पशुवैद्याला ताबडतोब बोलावणं, 1962 या क्रमांकावर फोन लावणं, हेच खरं कसब.

मुलींना माझं विशेष सांगणं आहे. आपल्याकडे शेळ्या बहुतेक घरांत बायाच सांभाळतात. कोणती शेळी आज मलूल आहे, ते त्यांना न सांगता कळतं. त्यांच्याच लेकी हे शास्त्र शिकल्या, तर शेळीच्या दुखण्याची दखल वेळेवर घेतली जाईल.

पालकहो, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या माहितीपत्रकात चालू वर्षाचे प्रवेशाचे नियम पाहा. जवळच्या दवाखान्यात मुलांना घेऊन जा आणि तिथलं काम त्यांना दाखवा. ढोरांची जाण हे आपल्या घरचं भांडवल आहे. त्याला शास्त्राची जोड द्या. त्यात मुलांचंही भलं आहे आणि गावाचंही.