वजन वाढवायचं की मूल?
(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पोषण कार्यकर्त्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



  

‘बालवयातील लठ्ठपणा टाळण्यासाठी कुटुंबांचं समुपदेशन’ हा या परिषदेचा विषय कळल्यावर पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सॅम-मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या, याद्या करता करता महिना सरतो, वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांची पोरं शोधता शोधता उन्हाळा सरतो, आणि इथे लठ्ठपणा? तो ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांचा प्रश्न. आपल्या माथी कशाला?

शंका रास्त आहे, तेव्हा आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे 2019 ते 21 या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी होती आणि 25.6 टक्के कृश. पूर्वीच्या फेरीच्या तुलनेत या दोन्ही आकड्यांत सुधारणा नाही. त्याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे. उंचीच्या मानाने जादा वजन असलेली मुलं चौथ्या फेरीत 1.9 टक्के होती, ती 4.1 टक्के झाली. हा आकडा लहान आहे, पण पाच वर्षांत दुपटीहून जास्त झाला आहे. भूक हटली नाही आणि मेद येऊन बसला. जगाचंही चित्र पाहा. 2025 च्या युनिसेफच्या अहवालानुसार शाळकरी आणि किशोरवयीन मुलांत लठ्ठ मुलांचं प्रमाण 9.4 टक्के झालं आणि कमी वजनाच्या मुलांचं 9.2 टक्क्यांवर आलं. लठ्ठपणा पहिल्यांदाच पुढे गेला. याला दोन प्रदेश अपवाद आहेत, सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि आपला दक्षिण आशिया. म्हणजे आपल्याला अजून थोडी सवड आहे. ती वाया घालवायची की वापरायची, एवढंच आपल्या हातात आहे.

हा प्रश्न आपल्या दारात कसा आला, हे तुम्हाला सांगायला नको. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं, आणि धरणाच्या शेजारची गावं मार्च उजाडला की टँकरची वाट पाहतात. त्याच पाड्यावर टपरीच्या दाराला पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांची माळ मात्र बारा महिने लटकलेली असते. टँकर पोहोचत नाही तिथे पुडी पोहोचते. नाशिक महामार्ग होता, आता समृद्धी महामार्गही शहापुरातून गेला. मुरबाडला एमआयडीसी आली, बाप पाळीवर जायला लागला, हातात रोख पैसा आला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण पैशाबरोबर चवही आली, आणि ती चव मीठ, साखर आणि तेलाची आहे.

तरीही सगळा दोष पुडीवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपलं बाळ स्नायूंत, पोटातल्या अवयवांत पुष्कळ कमी पडलं, पण त्वचेखालच्या चरबीत त्या मानाने कमी पडलं नाही. दिसायला रोड, आतून मेदाळ. अशा मुलाला पुढे साखर-तेलाची सवय लागली की तिशी-चाळिशीत मधुमेहाची वाट सोपी होते. आज मॅमच्या यादीत असलेलं मूल आणि उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासायला येणारा तरुण हे एकच माणूस असू शकतं.

म्हणून मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुपोषणाचं काम वेगळं आणि लठ्ठपणाचं वेगळं, असं नाही. नवी योजना, नवं रजिस्टर, नवी बैठक नको. तीच सेविका, तीच गृहभेट, तेच मूल. बदलायचं आहे ते आपलं मोजणं आणि बोलणं. प्रशिक्षण हवं आहे ते या दोन गोष्टींचं.

आधी मोजण्याचं. वर्षानुवर्षं आपण वयाप्रमाणे वजन पाहत आलो. वाढीच्या तक्त्यावर ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की पुढचं मूल. पण खुजं मूल जाड झालं तर त्याचं वजन वयाच्या हिशेबात बरोबर बसतं आणि ठिपका हिरव्यातच राहतो. उंची मोजली, उंचीप्रमाणे वजन पाहिलं, तरच ते सापडतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून, दोघींनी धरून घ्यायची, त्यावरच्या मुलाची उंची उभं करून. अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला तर मुलाची श्रेणी बदलू शकते. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये आकडा भरला की श्रेणी आपोआप येते, पण चुकीचा आकडा भरला तर चुकीची श्रेणीही आपोआपच येते. माझी पर्यवेक्षिकांना विनंती आहे, भेटीला गेलात की रजिस्टर नंतर पाहा, आधी एक मूल सेविकेबरोबर स्वतः मोजा.

आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धा होतात. बक्षीस बहुधा सर्वांत गुबगुबीत बाळाला मिळतं. टाळ्या वाजतात, आणि शेजारच्या आईला वाटतं, आपलंही असंच व्हायला हवं. तिथून साखरेचं दूध, चहात बुडवलेलं बिस्किट सुरू होतं. स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही, निकष बदला. सहा महिने निव्वळ स्तनपान झालं का, सातव्या महिन्यात वरचं अन्न सुरू झालं का, लसी पूर्ण झाल्या का, उंची वाढते आहे का, यांना गुण द्या. वजन वाढवणं आणि मूल वाढवणं यांतला फरक गावाला तिथेच कळेल.

आता बोलण्याचं. आपली गृहभेट पुष्कळदा अशी होते. सेविका दारातूनच विचारते, “पुडे देता ना पोराला?” आई मान खाली घालते. सेविका सांगते, “देऊ नका. पालेभाजी द्या, कडधान्य द्या, अंडी द्या, स्वच्छता ठेवा.” आई म्हणते, “बरं बाई.” रजिस्टरमध्ये समुपदेशन झालं. संध्याकाळी टपरीवरून पुडी येतेच.

पुडी का येते, हे आपण विचारलंच नाही. आई लावणीला गेलेली असते, पोर आजीकडे असतं. आजी म्हणते, “त्ये काय खातच नाय, रडत बसतंय, मंग पाच रुपये देतो.” त्या पाच रुपयांत आजीला घटकाभर शांतता मिळते. बाप पाळीवरून येताना पुडा आणतो, कारण दिवसभर न दिसलेल्या लेकराला माया दाखवायची त्याच्याकडे तेवढीच रीत आहे. वीटभट्टीवर दुसऱ्यांदा चूल पेटवायला ना वेळ असतो ना सरपण. ही कारणं कळल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे नुसती सूचना. अर्भक आणि बालकांच्या आहाराच्या समुपदेशनाचा जो पाठ जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घालून दिला, त्यातही ऐकणं आणि समजून घेणं हे कौशल्य पहिलं येतं. सांगणं त्यानंतर.

म्हणून प्रशिक्षणात व्याख्यानं कमी करा, सराव वाढवा. एकीने आजी व्हावं, एकीने सेविका, बाकीच्यांनी पाहावं. खाली बसायचं. काल सकाळपासून मुलाने काय काय खाल्लं, हे विचारायचं. त्यात जे चांगलं असेल त्याचं आधी कौतुक करायचं. “आजी, तुम्ही नाचणीची भाकर देता, हे बेस करता.” मग एकच बदल सुचवायचा, त्या घराला झेपेल असा. पाच-पाच रुपयांच्या दोन पुड्यांच्या पैशात एक अंडं येतं. रताळं चुलीच्या निखाऱ्यात भाजतं, त्याला वेगळं सरपण लागत नाही. पावसाळ्यात शेवळं, कुर्डू, टाकळा, करटोली रानातून फुकट येतात. वालाचं बिरडं घरात शिजतंच, ते मुलाच्या ताटात पडतं का, एवढं पाहायचं. आणि शेवटी विचारायचं, “जमेल का? काय अडचण येईल?” पुढच्या भेटीत पुन्हा तिथूनच सुरुवात. एका भेटीत एकच गोष्ट सांगा. दहा गोष्टी सांगितल्या की त्यातली एकही राहत नाही.

काही पथ्यं आपणही पाळायची आहेत. मुलाला त्याच्या देखत ‘जाड्या’ म्हणायचं नाही, आईला इतरांसमोर बोल लावायचा नाही. जादा वजनाच्या मुलाला उपाशी ठेवा, दूध तोडा, असं कधीही सांगायचं नाही. वाढत्या वयात वजन उतरवायचं नसतं, उंचीला वजन गाठू द्यायचं असतं. त्यासाठी घरचं जेवण, भरपूर खेळ, पुरेशी झोप आणि हातातून मोबाइल बाजूला, एवढं बहुतेकांना पुरतं. ज्याचं वजन झपाट्याने वाढतं आहे, त्याला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवा. आणि उलटही ध्यानात ठेवा. पुढे लठ्ठ होईल या भीतीने तीव्र कुपोषित मुलाचे उपचार एक दिवसही लांबवायचे नाहीत.

एवढं सगळं करायला सेविकेकडे वेळ कुठे आहे, हा प्रश्न मी टाळणार नाही. फोटो, ओटीपी, रजिस्टरं, सर्वेक्षणं यांत तिचा दिवस जातो. ज्या गृहभेटीत ऐकायचं असतं ती पाच मिनिटांत उरकत नाही. शासनाला समुपदेशन हवं असेल तर त्यासाठी वेळ राखून द्यावा लागेल, नेटवर्क नसलेल्या पाड्यावरच्या सेविकेला ॲपसाठी वेठीला धरणं थांबवावं लागेल, आणि मोजमापाची साधनं बिघडली तर तालुक्यालाच दुरुस्त होण्याची सोय हवी.

आपला वारसा मोठा आहे. 1945 साली ताराबाई मोडक यांनी याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्या आणि अनुताई वाघ पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं, हे त्यांनी करून दाखवलं. 1992 च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी या गावांनी याच जिल्ह्याला भुकेने मेलेली मुलं पाहायला लावली. ती मुलं विसरून लठ्ठपणावर बोलणं हा अपराध ठरेल, आणि नुसतं वजन वाढलं म्हणून समाधान मानणं हाही.

या परिषदेने तीन ठराव करावेत, असं मी सुचवते. दोन्ही तालुक्यांत प्रत्येक मुलाची उंची वजनाइतक्याच काळजीने मोजली जाईल. दर महिन्याच्या बीट बैठकीतला एक तास समुपदेशनाच्या सरावासाठी राखला जाईल. शाळेपासून 50 मीटरच्या आत जादा साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत, हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल आणि अंगणवाडीच्या दारातली टपरीही त्यात धरावी, असा आग्रह धरला जाईल. उद्या सकाळी तुम्ही आपापल्या पाड्यावर परत जाल, तेव्हा पहिल्या घरात काही सांगण्याआधी एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर पुरतं ऐका. प्रशिक्षणाची सुरुवात तिथून करा.