उरलेलं अर्धं परीक्षण



इथे टोरांटोत रोहिंटन मिस्त्रींबद्दल वाकडं बोलणं अवघड जातं. माणूस मुंबईचा, १९७५ साली इथे आला, बँकेत नोकरी करता करता लिहू लागला, आणि ‘अ फाइन बॅलन्स’ला १९९५चा गिलर पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी कितीजणांनी ती कादंबरी इथल्या सहकाऱ्यांना भेट दिली असेल! मी दोनदा दिली आहे.

२०१०च्या हिवाळ्यात आमच्या वाचनमंडळात मी तिच्यावर बोलले ते नुसतं कौतुक होतं. नंतर कोट चढवताना एक मावशी म्हणाल्या, “अगं, दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासतेस तेव्हाही असंच लिहितेस का?” त्यांना बरोबर कळलं होतं.

तेव्हा गिळलेलं आज सांगते. ईश्वर आणि ओम हे चांभाराच्या घरातून शिंपी झालेले काका-पुतणे. त्यांच्या गावचा भाग मला आजही हलवतो. ओमचा बाप नारायण आपलं मत आपणच द्यायचा हट्ट धरतो आणि त्यापायी हालहाल होऊन मरतो. पण पुढे शहर येतं, आणीबाणी येते, आणि संकटांची रांग लागते: झोपडी पाडली जाते, वेठीला धरलं जातं, सक्तीची नसबंदी होते. (शेवट फोडते, माफ करा.) ईश्वरचे पाय जातात, ओमचं पुरुषत्व जातं. इतकं सगळं दोघांवरच कोसळल्यावर मला ती माणसं वाटेनाशी झाली. लेखकाने पुराव्यादाखल मांडलेले नमुने वाटू लागले.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. शहराला नाव नसलं तरी ती मुंबई आहे हे आपल्याला कळतंच. त्या मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. कादंबरीत मला त्याची चाहूलही लागली नाही. ओम चिडतो, नाही असं नाही. पण त्याची चीड एकट्याची राहते. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला माणूस लाजतो, स्वतःवरही ओरखडे काढतो. त्याची कीव करायला तो जागाच ठेवत नाही.

मग तेव्हा का बोलले नाही? त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ अभ्यासक्रमातून काढली होती. शिवसेनेबद्दलच्या मजकुरावरून गदारोळ झाला होता. त्यातली जहाल वाक्यं दिनशॉजी या पात्राच्या तोंडची आहेत, एवढंही कोणी ऐकून घेत नव्हतं. अशा वेळी मी चूक काढली तर ती त्या गोटात मोजली जाईल, अशी भीती वाटली. बंदीला विरोध आणि पुस्तकाची स्तुती या वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरेट असूनही मला सुचलं नाही.

‘बलुतं’चं जेरी पिंटोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१५ साली निघालं. गेल्या नाताळात एका सहकाऱ्याला ते दिलं. मिस्त्री त्याच्याकडे होतेच, मीच दिलेले.