फोटोत नसलेला बासवाला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. लोक बघतात गाणाऱ्याकडे, मग लीड गिटारवाल्याकडे. ड्रमवाला घामाघूम झालेला असतो म्हणून थोडं त्याच्याकडे. बासवाला आपला मागे उभा. चार जाड तारा, साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या. तबलजीला डग्गा बाजूला ठेवून नुसता तबला वाजवायला सांगा, म्हणजे बास नसला की काय होतं ते कळेल. असतो तेव्हा मात्र तो कुणाच्या लक्षात येत नाही.

मी असाच एक बासवाला. कुर्ल्याचा. वडील स्वदेशी मिलमध्ये होते, त्यामुळे आमच्या घराचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. १९७७ साली मी एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो आणि पहिल्या बोनसमधून देशी बनावटीची, कुणीतरी वापरून टाकलेली बास गिटार घेतली. चाळीत सगळे तिला ‘बंदूक’ म्हणायचे. बसमध्ये कंडक्टर विचारायचा, “हिचं तिकीट कोण काढणार?”

त्याच वर्षी वांद्र्याच्या एका बँडने मला घेतलं. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलं असेल. तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर अकरा कार्यक्रम केले. दोन गाण्यांच्या खालची बासची चाल मी बसवली, पहिली पाळी संपवून, न जेवता.

एका गुरुवारी तालमीला गेलो तर माझ्या जागी दुसरा मुलगा उभा होता. अँप्लिफायरला लावलेली वायरही माझीच. गाणारा म्हणाला, “आपण नंतर बोलू.” ते ‘नंतर’ अजून यायचंय. पुढे त्यांची रेकॉर्ड निघाली. कव्हरवर चौघांचा फोटो होता, त्यात मी नव्हतो. पण आतल्या दोन गाण्यांत माझी चाल होती, जशीच्या तशी. रेडिओवर ती गाणी लागली की मी रेडिओ बंद करायचो. बायको काही बोलायची नाही. तिला कारण माहीत होतं.

२६ जुलै २००५ ला मिठी नदी आमच्या घरात आली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतर वाचला. आम्ही पाणी मोजलं ते कंबरेवर. गाद्या, धान्य, फोटोंचे अल्बम, सगळं फेकावं लागलं. पलंगाखालची बास फुगली होती, तिची मान वाकली होती. तीही फेकायला काढली आणि परत आत ठेवली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

२०१८ साली धाकट्या बहिणीचा मुलगा मला कुर्ल्याच्या मॉलमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ दाखवायला घेऊन गेला. ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बुलसारा, त्याच्यावरचा सिनेमा. हा मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. १९५८ च्या सुमारास तिथे पाच मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यातला बासवाला फरांग इराणी. त्याचं वाद्य काय, तर चहाची लाकडी पेटी, एक काठी आणि त्यांना बांधलेली दोरी! पुढे त्याने पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं.

सिनेमात क्वीनच्या पहिल्याच कार्यक्रमात जॉन डीकन बास घेऊन उभा दिसतो. भाचा घरी येऊन म्हणाला, “मामा, हे खोटं आहे. डीकन चौथा होता.” आणि त्याने मला आधीच्या तिघांची हकीकत सांगितली. २७ जून १९७० ला इंग्लंडमधल्या ट्रुरो गावी पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा बासवर माइक ग्रोझ होता. काही आठवड्यांत तो गेला. मग बॅरी मिचेल, जानेवारी १९७१ पर्यंत. मग डग बोगी, फक्त दोन कार्यक्रम. तो स्टेजवर फार उड्या मारायचा म्हणून काढला, असं पुस्तकांत छापलं गेलं. त्याने स्वतः पुढे वेगळंच सांगितलं. त्यानंतर १९७१ मध्ये डीकन आला. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा, अबोल मुलगा. पहिला अल्बम आला १९७३ मध्ये, तोवर आधीच्या तिघांचा मागमूस नव्हता.

डीकन टिकला, आणि का टिकला तेही ऐकू येतं. १९८० चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ त्याचं. गाणं उभंच आहे बासवर, आणि अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९१ मध्ये फ्रेडी गेला आणि काही वर्षांत डीकननेही वाजवणं सोडलं, लोकांत येणंही सोडलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं वाटत होतं, हे फक्त माझ्याच बाबतीत झालं. माझी जागा घेतलेल्या मुलाचाही चाळीस वर्षं राग केला. तो कदाचित माझ्यापेक्षा चांगला वाजवत असेल, हा विचार पहिल्यांदा त्या रात्री मनात आला. तो खरा असेलही. पण चाल माझी होती, हेही खरं.

पुढच्या रविवारी ओळखीच्या सुताराकडून बासची मान सरळ करून घेतली, धोबीतलावहून नव्या तारा आणल्या. बोटं ताठ झाली होती. भाचा समोर बसून मोबाइल बघत होता. मी ती जुनी चाल हळूहळू वाजवायला घेतली. तिसऱ्या आवर्तनाला त्याने मान वर केली.

“मामा, ही तर त्या गाण्यातली!”

“हो,” मी म्हटलं, आणि वाजवत राहिलो. आतून बायको म्हणाली, “जरा मोठ्याने वाजवा.”