सहा काउंट्यांचा कौल



उत्तर आयर्लंड ब्रिटनमधून बाहेर पडून शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकात जाईल का, हा आजचा विषय. फुटून निघू पाहणारे प्रांत जगात पुष्कळ आहेत. पण ‘बहुमत झालं तर खुशाल जा’ असं मूळ देशानेच कायद्यात लिहून दिलंय, असे प्रांत विरळच. म्हणून मी हा निवडला. शिवाय १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली, तेव्हा ते नाव आणि ती मागणी आयर्लंडमधूनच आपल्याकडे आली होती.

१९२१ मध्ये फाळणी झाली. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर भागातल्या नऊ काउंट्यांपैकी सहाच ब्रिटनकडे ठेवल्या; तेच उत्तर आयर्लंड. डोनेगॉल, कॅव्हन आणि मॉनहन वगळल्या, कारण त्या घेतल्या असत्या तर ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंटांचं हुकमी बहुमत उरलं नसतं. हद्दच डोकी मोजून आखली म्हटल्यावर पुढची शंभर वर्षं तिथे डोकीच मोजली गेली. १९७३ मध्ये एकदा सार्वमत झालं. आयर्लंडशी एकीकरण मागणाऱ्या राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला आणि ब्रिटनच्या बाजूने जवळजवळ ९९ टक्के मतं पडली. त्या आकड्याने काहीच मिटलं नाही. दोन्ही बाजूंमधला सशस्त्र संघर्ष संपेपर्यंत साडेतीन हजारांवर माणसं गेली.

२०२१ च्या जनगणनेत प्रथमच कॅथलिक असलेले किंवा कॅथलिक घरांत वाढलेले ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट घरांतले ४३.५ टक्के असा निकाल आला. लगेच बातम्या झळकल्या की आता एकीकरण दारात आलं. मला हा हिशेब पटत नाही. कॅथलिक म्हणजे एकीकरणवादी असं समीकरण आता राहिलेलं नाही. २०२२ मध्ये विधानसभेच्या ९० पैकी २७ जागा जिंकून एकीकरणवादी शिन फेन सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि २०२४ मध्ये मिशेल ओ’नील प्रथम मंत्री झाल्या. मोठीच घटना. पण राष्ट्रवादी पक्षांची एकूण मतं १९९८ पासून चाळीस टक्क्यांच्याच आसपास आहेत. खरी वाढ झाली ती दोन्ही गटांत न बसणाऱ्या अलायन्स पक्षाची, आठ जागांवरून सतरावर. जनगणनेत स्वतःला फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ म्हणवणारेही जवळपास २० टक्के निघाले. निकाल यांच्या हातात आहे, आणि ही माणसं झेंड्याकडे पाहून मत देत नाहीत.

ती कशाकडे पाहतात? सरहद्दीवरच्या पेटिगो गावाचं उदाहरण घ्या. मधून लहानशी टर्मन नदी वाहते. प्रजासत्ताकाच्या बाजूला पोस्टाची पेटी हिरवी आणि युरो, उत्तर आयर्लंडच्या बाजूला पेटी लाल आणि पौंड. रस्त्यावरचे वेगाचे फलक दक्षिणेत किलोमीटरचे, उत्तरेत मैलांचे. एके काळी या सरहद्दीवर लष्कराच्या चौक्या होत्या. आडवाटा तर सुरुंगांनी उडवून बंद केल्या होत्या. आज गाडी न थांबवता जाता येतं. पण आजारी पडलात तर फरक समजतो. उत्तरेत डॉक्टर फुकट तपासतो आणि चिठ्ठीवरचं औषधही फुकट मिळतं. दक्षिणेत ज्याच्याकडे सवलतीचं कार्ड नाही, त्याला एका तपासणीचे पन्नास-साठ युरो मोजावे लागतात. उत्तरेतही शस्त्रक्रियेच्या रांगा भयंकर लांबल्या आहेत, हे खरं. तरीही गुडघेदुखीने बेजार झालेल्या बेलफास्टच्या आजीबाईंना एकीकरणाबद्दल विचाराल, तर त्या आधी दवाखान्याबद्दल विचारतील. आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे.

त्यात पैशाचा प्रश्न. उत्तर आयर्लंडचा खर्च करउत्पन्नात भागत नाही. लंडनहून दरवर्षी अंदाजे दहा अब्ज पौंडांची भर पडते. प्रांताची वस्ती १९ लाख. हा भार दक्षिणेतल्या पन्नास लाखांवर लोकांनी उचलायचा तर कसा, यावर अर्थतज्ज्ञांत जोरदार वाद आहे.

दुसऱ्या पारड्यात ब्रेक्झिट आहे, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं. २०१६ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी युरोपीय संघात राहायचा कौल दिला, तरी त्याला बाहेर पडावं लागलं. एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय नेत्यांनी जाहीर केलं, की आयर्लंड एक झालं तर तो सगळा प्रदेश आपोआप युरोपीय संघात येईल. पूर्वी आयर्लंडचा विचारही न करणारी कितीतरी मध्यमवर्गीय घरं त्यानंतर विचार करू लागली.

आता कायदा. तो संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ठरवलं, की एकीकरणाला बहुमत मिळण्याची शक्यता दिसली तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घेतलंच पाहिजे. एकदा घेतलं की पुढची सात वर्षं पुन्हा नाही. दक्षिणेचीही संमती हवी. पण शक्यता ‘दिसते’ म्हणजे नेमकी कशावरून, हे कायद्यात कुठेच नाही. पन्नास टक्क्यांवर एक मत मिळालं तरी पुरे. मला भीती वाटते ती याची. काठावरच्या बहुमताने लाखो युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणारे लोक, रातोरात परक्या राज्यात गेले, तर ती १९२१ चीच चूक उलट्या दिशेने होईल. त्यांना ब्रिटिश नागरिकत्व ठेवता येईल असं करारात आहे; पण नागरिकत्वाचा कागद म्हणजे आपलेपणा नव्हे.

तुम्ही मला शक्यता विचाराल. शिन फेनला २०३० पर्यंत सार्वमत हवं आहे. ते तोवर होईल असं मला वाटत नाही; झालंच तर एकीकरणवादी हरतील. एका पिढीच्या अवधीत मात्र हा प्रांत जाईल, असं माझं मत आहे. अट एकच, आधी मसुदा आणि मग मत. दवाखाने कोण चालवणार, निवृत्तिवेतन कोण देणार, बेलफास्टची विधानसभा राहणार का, हे मतपेटीपूर्वी लेखी हवं. २०१६ मध्ये ब्रिटनने आधी मत दिलं आणि अर्थ नंतर शोधला. त्याचे परिणाम सगळ्यांनी पाहिले. आयरिश राज्यघटनेचं तिसरं कलम सलोख्याने आणि मैत्रीने एकीकरण व्हावं असं सांगतं. पण त्यासाठी लागणारा हा मसुदा श्वेतपत्रिका म्हणून मांडण्याचं काम डब्लिनच्या एकाही सरकारने आजवर केलेलं नाही.