सायक्लोक्रॉसच्या सायकलीचें दंतचक्र

हिवाळ्याच्या दिवसांत बेल्जममधील फ्लँडर्स प्रांतांत शेतांतून, वाळूंतून आणि चिखलांतून सायकलींच्या शर्यती चालतात. स्वार मधूनमधून खालीं उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो, फळ्यांचे अडसर ओलांडतो आणि धांवतां धांवतां पुन्हां तिच्यावर झेप घेतो. या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. फ्रान्समध्यें त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ सालीं झाली; पहिलें जागतिक अजिंक्यपद १९५० सालीं पॅरिस येथें झाँ रोबिक यानें मिळविलें. या सायकलीचा जो भाग लवकर झिजतो, आणि जो बदलतांना जाणतेहि फसतात, तो म्हणजे पायडलांच्या क्रँकवर बसविलेलें दंतचक्र. दुकानांत त्यास चेनरिंग म्हणतात.

तेलांत चिखल मिसळला कीं तें मिश्रण कानशीचेंच काम करतें. दांत प्रथम टोंकदार होतात, मग आंकड्यासारखे एका बाजूस झुकतात. अशा चक्रावर कोरी सांखळी चढविली तर ती दांतांना चिकटून वर ओढली जाते आणि चक्र व सांगाडा यांच्या सांपटींत रुतते. किंवा चढावर उभें राहून जोर देतांना ती दांतांवरून घसरते, स्वाराचा पाय एकाएकीं रिकामा पडतो आणि गुडघा हँडलावर आपटतो. तेव्हां आधीं सांखळी मोजावी. कडीस अर्धा इंच या हिशेबानें २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एक षोडशांश इंच वाढ आढळली तर सांखळी बदलून बहुधा भागतें. एक अष्टमांश आढळली तर तिनें दांतेहि बिघडविले असें समजावें.

नवें चक्र घ्यावयाचें तर पहिला प्रश्न दांते किती हा नव्हे. तें क्रँकच्या भुजांवर बसेल कीं नाहीं, हा होय. बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास येथें निर्णायक ठरतो. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. क्रँकला समान अंतरावर पांच भुजा असतील तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास १.७ नें गुणावें. अंतर ६४.७ मिलिमीटर आलें तर व्यास ११० चा, ७६.४ आलें तर १३० चा. ही भूमिति शाळेंत सर्वांनाच शिकवितात, पण दुकानाच्या पायरीवर ती कोणास आठवत नाहीं. १३० च्या क्रँकवर ३८ हून कमी दांत्यांचें चक्र बसत नाहीं. ११० वर ३४ दांत्यांपर्यंत सहज उतरतां येतें. चिखलासाठीं ३६ चें चक्र मागविलें आणि क्रँक १३० ची निघाली, कीं पैसे पाण्यांत गेलेच.

याहून फसवी गोष्ट पुढेंच आहे. शिमानोनें २०१२ सालापासून रस्त्याच्या सायकलींसाठीं चार भुजांची क्रँक काढली. तिचाहि व्यास ११० च आहे. परंतु भुजांमधील कोन सारखे नाहींत. पांच भुजांचें चक्र तिजवर बसणार नाहीं, आणि वरचा गुणाकारहि तेथें लागू पडत नाहीं. नुसता ‘११०’ हा आंकडा सांगून चक्र मागवूं नये, तें याच कारणानें.

आतां दांत्यांची संख्या. रस्त्यावर ५० व ३४ ही जोडी प्रचलित आहे. सायक्लोक्रॉसमध्यें ४६ व ३६ ही जोडी वर्षानुवर्षें वापरांत आहे. दहाच दांत्यांचें अंतर असल्यानें सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर जातांना गडबडत नाहीं, आणि वळणावळणाच्या मार्गावर तेंच हवें असतें. ५० च्या जागीं ४६ बसविल्यास चक्राची त्रिज्या सुमारें ८ मिलिमीटरनें घटते. म्हणून पुढील डिरेलर तितकाच खालीं आणावा लागतो, तो दांत्यांच्या १ ते ३ मिलिमीटर वर राहिला पाहिजे. कांहीं सांगाड्यांत डिरेलरची खांच तेवढी लांब नसते; खरेदीपूर्वींच तें पाहावें. सांखळीहि सुमारें एक इंच जास्त होते.

मोठ्या चक्राच्या आंतल्या अंगास खांचा व खुंट्या असतात. त्या विशिष्ट लहान चक्राशीं जुळवून केलेल्या असतात. जोडी मोडली तर सायकल चालते, पण सांखळी चढावयास कुरकुरते. बाहेरच्या बाजूस एकच खुंटी असेल तर ती क्रँकच्या मागें येईल असें चक्र बसवावें, म्हणजे बाहेर पडलेली सांखळी मध्यें अडकत नाहीं.

अलीकडे पुष्कळ स्वार एकाच चक्रावर धांवतात. त्यासाठीं जोडींतलें एक चक्र काढून टाकणें हा काटकसरीचा मार्ग वाटतो, पण तो धोक्याचा आहे. जोडींतल्या चक्रांवरून सांखळी सहज सुटावी अशीच योजना असते. एकट्या चक्राचे दांते आळीपाळीनें जाड व बारीक असतात, म्हणून त्यांची संख्या सम असते, आणि त्यास आंखूड बोल्ट लागतात. जुन्या लांब बोल्टांनीं तें आवळल्यासारखें वाटतें, पण हातानें हलवून पाहिलें कीं खुळखुळतें.