उघडता येते तीच वस्तू आपली

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, विजेचे बिल, बँकेची नोटीस हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे घरातल्या मोडक्या वस्तूंचा. गळणारा नळ, शिटी न देणारा कुकर, बंद पडलेला मिक्सर, रांगत फिरणारा पंखा, पाठीवर ठिबकणारा फवारणीचा पंप. या वस्तू फेकायच्या की दुरुस्त करायच्या? आणि दुरुस्त करायच्या तर कोणी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शेतकरी उधळ्या आहे, लग्नात खर्च करतो, म्हणून तो कर्जात बुडतो, हे कीर्तन आपण खूप ऐकले. ते खोटे आहे. कर्ज होते ते मालाला भाव मिळत नाही म्हणून. कुकरची रिंग बदलून कोणाचे कर्ज फिटणार नाही. तेव्हा काटकसरीचा उपदेश करायला आम्ही उभे नाही. गरिबीत राहा आणि ठिगळे लावा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. ज्याला नवे घ्यायचे त्याने खुशाल नवे घ्यावे. पण नाइलाजाने घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता एक हिशेब पाहा. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारात त्याहूनही कमी भावाने माल घालावा लागला, हे तुम्हाला सांगायला नको. तरी हमीभावच धरू. 3,000 रुपयांचा मिक्सर घेतला म्हणजे 61 किलो सोयाबीन गेले. जुन्या मिक्सरला झाले काय होते? पुष्कळदा मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेले असतात, नाहीतर भांड्याखालचे रबरी कपलर फाटलेले असते. कधी कधी तर काहीच झालेले नसते. मोटारीवर जास्त भार आला म्हणून बुडाचे लाल बटण बाहेर आलेले असते, ते दाबले की मशीन चालू. ब्रश किंवा कपलर साधारण 100 रुपयांच्या आत मिळते. म्हणजे दोन किलो सोयाबीन. दोन किलोचे काम आपण एकसष्ट किलो देऊन करतो.

का करतो? आळशी आहोत म्हणून नव्हे. वस्तू उघडायची भीती बसली आहे म्हणून.

ही भीती आपल्या आजोबा-आजींना नव्हती. जात्याला टाकी लावून घेतली जायची, भांड्यांना कल्हई व्हायची, बाज घरीच विणली जायची, फाटक्या लुगड्यांची गोधडी व्हायची. वखराची पास लोहाराकडे शेवटून यायची, बंडीचे चाक वाढई भरून द्यायचा. याचे गुणगान करायचे नाही. त्या बलुत्यात जातीची बेडी होती, आणि खळ्यावर दाण्यासाठी हात पसरायची पाळी कारागिरावर यायची. ती बेडी तुटली ते चांगलेच झाले. पण बेडीबरोबर हुन्नरही गेला. आपण तो शिकून घेतला नाही आणि कारागिराला रोखीने पुरेसे दामही दिले नाहीत.

इथे आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारला पाहिजे. घामाचे दाम मागणारे आपण, वेल्डिंगवाल्याशी दहा रुपयांसाठी किती घासाघीस करतो? चांभाराने चप्पल शिवून दिली तर 'एवढ्याशा कामाचे एवढे?' म्हणतो. नव्या चपलेच्या दुकानात मात्र लिहिलेली किंमत मुकाट्याने मोजतो. गावातला दुरुस्ती करणारा जगला नाही, त्याला आपणही कारण आहोत.

आता घरात काय करता येते ते सांगतो. नळ ठिबकतो तेव्हा आतला वॉशर झिजलेला असतो. वरून पाणी बंद करायचे, पान्याने नळ उघडायचा, वॉशर बदलायचा. पंखा मंद झाला, हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. कुकर वाफ धरत नाही तर रबरी रिंग कडक झालेली असते. शिटीखालच्या नळीत डाळ अडकली असेल तर ती सुईने साफ करायची. बॅटरीचा फवारा चालत नाही तर नवी बॅटरी घेण्याआधी फ्यूज, बटण आणि वायरीचे टोक पाहायचे. विषारी औषधाने तिथली तार हिरवी पडून तुटते. आमच्या घरचा पंप एका दुकानदाराने 'आता हा भंगारात घाला' म्हणून परत दिला होता. घरी उघडला तर वायरीचे टोक सुटलेले. ते घासून जोडले आणि पुढचे दोन हंगाम तोच पंप चालला.

काय करू नये तेही ऐका. विजेची वस्तू उघडण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन काढायची, पंखा असेल तर मेन स्विच पाडायचा. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्याच्या तारांना उघडा हात लावायचा नाही. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तिथे खिळा, शिसे, कापड असे काही ठोकायचे नाही. त्याच कुकरचा व्हॉल्व्ह आणायचा. गॅसची नळी चिकटपट्टी लावून चालवायची नाही, ती बदलायचीच. आणि फवाऱ्याचे नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याला कारणे अनेक होती. पण पाठीवर गळणारा पंप घेऊन वावरात जाणे हे मरणाला आमंत्रण आहे, हे त्या वर्षाने सगळ्या विदर्भाला शिकवले. तिथे दुरुस्ती हा पैशाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. त्यातही पंप मालकाचा असतो आणि पाठ बहुतेक वेळा मजुराची. म्हणून हंगामाआधी पंप पाण्याने भरून तपासणे हे मालकाचे काम आहे.

मायबहिणींना विशेष सांगायचे आहे. घरातली वस्तू बिघडली हे आधी तुम्हाला कळते. आवाज बदलला, वास आला, वाफ गेली, सगळे तुम्हाला माहीत. पण पेचकस मात्र घरातल्या पुरुषाच्या हाती. जिच्या हाताखाली यंत्र चालते तिलाच ते उघडता आले पाहिजे.

आता घरातून गावात येऊ. दुरुस्तीचा विचार करून वस्तू घडवली तर काय होते, याचा दाखला दूर नाही, आपल्या शेजारच्या जालन्यातच आहे. दुष्काळात गावोगाव बोअर पाडले गेले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप एका घराच्या वापराचे. साऱ्या गावाने दिवसभर दांडा हाणल्यावर ते मोडून पडत. तेव्हा जालन्याच्या एका मिशनच्या कार्यशाळेत पोलादाचा मजबूत पंप तयार झाला. तिथून पुढे सोलापूरचा पंप आला, आणि त्याच्या आधारे युनिसेफच्या मदतीने 1970 च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हातपंप घडला. तो देशभर गेला, पुढे परदेशातही गेला. ही मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या कार्यशाळांची कमाई आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. मार्क टू मजबूत होता, तरी खालचा साधा वॉशर बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागत. त्याला तिवई लागे, चार माणसे लागत, तालुक्याची गाडी यावी लागे. गाडी येईपर्यंत बाया दुसऱ्या विहिरीवर. म्हणून पुढे 'मार्क थ्री' काढला. त्याचा पाइप एवढा रुंद केला की पाइप जागेवरच ठेवून आतला दट्ट्या वर काढता येतो. म्हणजे गावातल्या माणसाला गावातच वॉशर बदलता येतो. मजबूत असणे पुरेसे नाही, वस्तू वापरणाऱ्याला उघडता आली पाहिजे, हे तिथल्या इंजिनिअरांना कळले.

आज चाल उलटी आहे. स्क्रूच्या जागी चिकटवलेले जोड आले. सुटा भाग मागितला तर अख्खा संच घ्या म्हणतात. 'उघडले तर वॉरंटी जाईल' अशी चिठ्ठी वर. अमेरिकेत तर ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, पण त्यातल्या संगणकाची किल्ली कंपनीकडे. ऐन कापणीत यंत्र थांबले तर कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक उभे. तिथले शेतकरी यासाठी वर्षानुवर्षे भांडले, आणि 2023 मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. तो 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळही उघडले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

पैसे मोजून घेतलेली वस्तू मला उघडता येत नसेल, तिचा भाग मला बाजारात मिळत नसेल, तर ती माझी कशी? आपला माल आपल्या मर्जीने विकायचे स्वातंत्र्य आपण मागतो. आपली वस्तू आपल्या मर्जीने दुरुस्त करायचे स्वातंत्र्य हा त्याचाच दुसरा भाग आहे.

म्हणून बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

एक, प्रत्येक गावात वर्गणीतून एक सामाईक अवजारपेटी करावी. पाने, पेचकस, पक्कड, टेस्टर, कैया, वॉशरचे डबे. पेटी कोणाकडे गेली याची वही ठेवावी.

दोन, खरिपाआधी एक दिवस गावाने फवारे, कुकर, पंखे चावडीवर आणावेत. जाणत्याने शिकवावे, नवख्याने हात काळे करावेत. शिकणाऱ्यांत निम्म्या मुली असाव्यात.

तीन, दुरुस्ती करणाऱ्याला ठरलेले दाम रोख द्यावे. उधारी नाही, घासाघीस नाही.

चार, दुरुस्तीच्या हक्काचा कायदा व्हावा असा ठराव प्रत्येक ग्रामसभेत घ्यावा. सुटे भाग मिळालेच पाहिजेत, उघडण्याची माहिती मराठीत मिळाली पाहिजे, आणि गावच्या मिस्त्रीने हात लावला म्हणून वॉरंटी जाता कामा नये.

यातून कर्जमुक्ती होणार नाही, हे आम्ही सुरुवातीलाच सांगितले. कर्जमुक्तीची लढाई वेगळी आहे, ती चालूच राहील. पण लढाईला जाणाऱ्याने घरातला पेचकस कुठे आहे ते माहीत करून घ्यावे. आज रात्री घरी गेल्यावर कोपऱ्यात बंद पडलेली एक वस्तू बाहेर काढा. पिन काढलेली आहे ना, ते पाहा. आणि उघडा.